हा लाँग आणि निन्ह बिन्ह: पाच दिवसांची सहल, योग्य क्रमाने

उत्तर व्हिएतनामची छोटी सहल आखताना बहुतेक जण एकच क्रम धरतात. आधी राजधानी हनोई, मग चुनखडीचे डोंगर आणि भातशेतीचा निन्ह बिन्ह परिसर, आणि सगळ्यात भारी ते शेवटी म्हणून हा लाँग खाडीतली क्रूझ. बोटीवरून दुपारी उतरायचं आणि त्याच रात्री परतीचं विमान पकडायचं.

चूक नेमकी इथेच होते. या सहलीत हवामान एकच गोष्ट हिरावून घेऊ शकतं, ती म्हणजे खाडीतली रात्र. वादळाचा इशारा आला किंवा दाट धुकं उतरलं की बंदराचं प्रशासन बोटी सोडत नाही. क्रूझ शेवटच्या दिवशी असेल तर हा लाँग हातचं जातं. सुरुवातीला असेल तर निन्ह बिन्ह आधी उरकून क्रूझ दोन दिवस पुढे ढकलता येते. म्हणून खाडीची तारीख सर्वांत आधी ठरवा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा.

मी सुचवतो तो क्रम असा:

दिवस १: हनोईत उतरणं आणि मुक्काम.
दिवस २: सकाळी हनोईहून निघून दुपारी बोटीवर. रात्र खाडीत.
दिवस ३: दुपारी बोटीवरून उतरून थेट निन्ह बिन्ह. मुक्काम ताम कोक परिसरात.
दिवस ४: सकाळी ट्रांग आनच्या गुहा, संध्याकाळी हांग मुआचा डोंगर. मुक्काम तिथेच.
दिवस ५: हनोईला परत. विमान त्या रात्री उशिरा किंवा सहाव्या दिवशी. शक्य असेल तर सहावाच दिवस धरा.

## टप्पा १: महिना ठरवा

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सर्वांत भरवशाचे. आकाश मोकळं, उकाडा कमी. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेही चालतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला ताम कोकची भातशेती पिवळीधमक होते, पण तोवर उष्माही वाढलेला असतो.

जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने याच किनाऱ्याला झोडपलं होतं. शाळेच्या सुट्टीमुळे जूनमध्येच जावं लागत असेल तर जा, पण मग वरचा क्रम अजिबात मोडू नका. डिसेंबर ते मार्च थंडी, धुकं आणि बारीक रिमझिम असते. डोंगर धुक्यात सुंदर दिसतात, पण पोहण्याचा विचार सोडून द्यावा लागतो आणि बोटीच्या गच्चीवर जाड जाकीट लागतं.

सावध: चांद्र नववर्ष म्हणजे ‘तेत’ जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि बरीच दुकानं बंद असतात. ३० एप्रिल–१ मे आणि २ सप्टेंबर या राष्ट्रीय सुट्ट्यांना स्थानिकांची तुफान गर्दी होते. या तारखा टाळा.

## टप्पा २: ई-व्हिसा

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा दिला जातो. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५० डॉलर. आपल्याला एक प्रवेश पुरतो. अर्ज फेटाळला तरी पैसे परत मिळत नाहीत, म्हणून घाई करू नका. कामकाजाचे तीन दिवस लागतात असं म्हणतात, पण हाताशी किमान दोन आठवडे ठेवा.

मराठी माणसांचे अर्ज बहुतेक वेळा नावावर अडतात. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, अशी पद्धत आहे. अर्ज भरताना मधलं नाव गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत. मग विमानतळावरच्या काउंटरवर वाद सुरू होतो. पासपोर्टच्या पानावर अगदी तळाशी छापलेल्या दोन ओळी पाहा आणि त्यात आहे तसं पूर्ण नाव भरा.

तपासा:
१. संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा संपतो का? सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.
२. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि ‘ओ’ अक्षराची अदलाबदल झाली नाही ना?
३. प्रवेशाचं ठिकाण नोई बाई (हनोईचं विमानतळ) निवडलंय का?
४. व्हिसा हाती आल्यावर नाव, जन्मतारीख आणि मुदत पुन्हा वाचली का? चूक घरी सापडली तर दुरुस्तीला वेळ असतो.

दोन छापील प्रती सोबत ठेवा.

## टप्पा ३: बोट निवडा, पण आधी खाडी निवडा

लोक बोटीचे फोटो पाहतात, खोलीतला बाथटब पाहतात आणि पैसे भरतात. बोट कुठे फिरणार हे विचारतच नाहीत. चुनखडीचे तेच डोंगर तीन शेजारशेजारच्या पाण्यांत पसरले आहेत, आणि तिन्हींचा अनुभव वेगळा आहे.

हा लाँग हा मुख्य भाग. सुंग सोट ही मोठी गुहा, ती टॉप बेटाचा माथा, लुओन गुहेतलं कयाकिंग (वल्ह्याच्या छोट्या होडीतून फेरी) हे सगळं इथे. पहिल्यांदा जाणाऱ्याला जे पाहायचं असतं ते इथेच आहे, आणि गर्दीही इथेच. लान हा खाडी दक्षिणेला, काट बा बेटाला लागून. बोटी कमी, पाणी निवांत, कयाकिंग उत्तम, पण सुंग सोटच्या तोडीची भव्य गुहा या मार्गावर नाही. बाई तू लाँग ईशान्येला, तिघांत सर्वांत शांत.

मला विचाराल तर, गुहा हे तुमचं मुख्य आकर्षण असेल तर गर्दी सोसून हा लाँगचा सुंग सोट असलेला मार्ग घ्या. सोबत लहान मुलं किंवा पायऱ्या न चढू शकणारे आई-वडील असतील तर लान हा घ्या.

आता मुदत. ‘दोन दिवस एक रात्र’ या नावाखाली प्रत्यक्षात बोटीवर २२–२४ तास मिळतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास चढायचं, दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला उतरायचं. एवढं पुरेसं आहे. एका दिवसाची फेरी मात्र हनोईहून करू नका. जाऊन-येऊन पाच तास रस्त्यावर जातात आणि संध्याकाळचा शांत तास, ज्यासाठी एवढं लांब जायचं, तोच हुकतो.

पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा:

१. कोणत्या बंदरातून निघणार? तुआन चाऊ, हा लाँग आंतरराष्ट्रीय बंदर आणि काट बाकडे जाणारा गोट धक्का ही तिन्ही एकमेकांपासून दूर आहेत.
२. हनोईहून गाडी धरलेली आहे का, आणि ती जुन्या शहराबाहेरच्या हॉटेलवर येते का? बऱ्याच गाड्या फक्त जुन्या शहरातून घेतात.
३. गुहांचं प्रवेश शुल्क आणि कयाक यांचे पैसे धरलेत का? पेयं सहसा वेगळी असतात, कधीकधी पाण्याची बाटलीसुद्धा.
४. खोली कोणत्या मजल्यावर? सर्वांत खालच्या मजल्यावर इंजिनाची घरघर पोहोचते.
५. बंदराने बोटी थांबवल्या तर काय? पूर्ण परतावा, दुसरी तारीख, की रात्र रद्द करून फक्त दिवसाची फेरी?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘असं सहसा होत नाही’ असं आलं तर ती बोट सोडा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला धक्क्यावर पोहोचल्यावर कळलं की रात्र रद्द झालीये, आणि परताव्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. अर्धे पैसेही हाती आले नाहीत.

सावध: एकसारख्या नावांच्या बोटी आणि कचेऱ्या खूप आहेत. पावतीवर बोटीचं पूर्ण नाव, मार्ग आणि तारीख असल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ४: सामान, पैसे, जेवण

मोठी बॅग हनोईच्या हॉटेलात ठेवा आणि पाचव्या दिवशी त्याच हॉटेलात परत या. चार दिवसांचं सामान पाठीवरच्या बॅगेत बसवा. रबरी तळाचे, ओल्या दगडावर न घसरणारे बूट, टोपी, पातळ रेनकोट, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, छोटी विजेरी. ड्रोन घरीच ठेवा. व्हिएतनाममध्ये त्याला आधी परवानगी लागते.

मूळ पासपोर्ट बोटीवर न्यावाच लागतो, नोंद त्यावरूनच होते. तो हनोईच्या बॅगेत विसरलात तर धक्क्यावरून परत फिरावं लागेल.

एक लाख डोंग (तिथलं चलन) म्हणजे साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. २० हजार आणि ५ लाखांच्या नोटा दोन्ही निळसर असतात, आणि घाईत हमखास अदलाबदल होते. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

शाकाहारींनी नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजीवर माशाचा सॉस, सूपमध्ये हाडांचं पाणी आणि परतलेल्या पालेभाजीत कालवांचा सॉस हे तिथे शाकाहाराच्या आड येतं असं बऱ्याच जणांना वाटत नाही. ‘आन चाय’ हा तिथला शब्द वापरा, तो बौद्ध परंपरेतल्या शुद्ध शाकाहाराला आहे. बोटीला हे बुकिंग करतानाच कळवा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. कांदा-लसूण नको असेल तर ते वेगळं लिहून सांगा.

## टप्पा ५: खाडीतला पहिला दिवस

घड्याळ हनोईत उतरताच दीड तास पुढे करा. गाडी आठ-साडेआठला येते. द्रुतगती मार्गाने बंदर अडीच तासांवर आहे, मध्ये एखाद्या विक्री केंद्रावर थांबा होतो.

बोटीवर चढल्यावर जेवणाकडे जाण्याआधी पाच मिनिटं काढा. खोलीत माणशी एक लाइफ जॅकेट आहे का? त्याचे पट्टे तुटलेले नाहीत ना? लहान मुलाच्या मापाचं आहे का? खोलीतून उघड्या डेकवर जायचा जवळचा रस्ता कोणता? सुरक्षेची माहिती सांगत असतील तेव्हा फोन खाली ठेवून ऐका. १९ जुलै २०२५ च्या दुपारी हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटली आणि ३० हून अधिक माणसं गेली. आकाश फार थोड्या वेळात पालटलं होतं. एरवी हे पाणी तळ्यासारखं शांत असतं, बेटांमुळे लाटा अडतात, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. वारा एकदम वाढला आणि आभाळ काळं झालं तर खोलीत जाऊन दार लावून बसू नका. जॅकेट अंगात घाला आणि कर्मचारी सांगतील तिथे थांबा.

### सुंग सोट गुहा

बोट नांगरून लहान होडीने गुहेपाशी नेतात. आधी पायऱ्यांची चढण, मग आत साधारण ५०० मीटरची बांधलेली वाट. वाट एकाच दिशेची आहे. परत फिरता येत नाही, त्यामुळे पुढे काढू म्हणून सोडलेला फोटो राहूनच जातो. पहिलं दालन लहान आहे, दुसरं कितीतरी मोठं. गर्दी पहिल्यातच खोळंबते. वाटाड्याचं बोलणं ऐका, पण फोटोसाठी पहिल्या दालनात रेंगाळू नका, वेळ दुसऱ्यासाठी राखा.

लवणस्तंभांना, म्हणजे गुहेतल्या चुनखडीच्या खांबांना, हात लावू नका. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं, आणि गुहेत थेंबाथेंबाने पुन्हा चुना सोडतं. आपल्या तळहाताचं तेल त्या पृष्ठभागावर बसलं की नवा थर नीट धरत नाही आणि दगड काळा पडतो. गर्दीच्या गुहांमध्ये माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंतचे खांब काळे-गुळगुळीत का असतात ते तिथे पाहिलंत की लगेच कळेल.

तपासा: तुमची बोट गुहेत कधी नेते? दुपारी दोन ते चार ही सर्वांत मोठ्या गर्दीची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी नेणारी बोट मिळाली तर ती घ्या.

### कयाक

लुओन गुहा म्हणजे डोंगराखालची बुटकी कमान. तिच्यातून आत गेलं की चारही बाजूंनी कडे असलेलं पाणी लागतं. भरतीला कमान आणखी बुटकी होते, म्हणून वेळ वाटाड्याच ठरवतो.

दोघांच्या कयाकमध्ये मागे बसणारा दिशा ठरवतो, पुढचा लय. अनुभवी किंवा थोडा वजनदार माणूस मागे बसवा. उलटं केलंत तर कयाक गोल फिरत राहतं. कमानीखाली वल्हं आडवं धरा, उभं केलं की छताला आपटतं. जॅकेटचे पट्टे कयाकमध्ये बसण्याआधी आवळा. वल्हवता येत नसेल तर बांबूची होडी निवडा, तिथे नावाडी असतो आणि दृश्य तेच असतं.

### ती टॉप

माथ्यावर जायला ४०० हून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर अर्ध्या वाटेवरूनही खाडी चांगली दिसते, तिथून परत फिरा. पोहणं फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. बोटीवरून उडी मारू नका. खाडीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर २०१९ पासून बंदी आहे, आपली भरून घेण्याची बाटली न्या.

## टप्पा ६: दुसरी सकाळ, आणि थेट निन्ह बिन्ह

पहाटे साडेपाचला गच्चीवर या. खाडी सर्वांत सुंदर दिसते ती याच वेळी, आणि तेव्हा गच्ची जवळपास रिकामी असते. खोली साडेनऊच्या सुमारास रिकामी करायला सांगतात, म्हणून सामान रात्रीच बांधून ठेवा.

बहुतेक जण इथून हनोईला परततात आणि दुसऱ्या दिवशी निन्ह बिन्हला जातात. त्यात अर्धा दिवस फुकट जातो. बंदरातून ताम कोकला थेट छोट्या गाड्या जातात, साधारण साडेतीन-चार तास. बोटीच्या लोकांना आदल्या दिवशी सांगून जागा धरा. क्रूझच्या पैशांत हनोईचा परतीचा प्रवास धरलेला असतो, तोच बदलून मिळतो का तेही विचारा.

क्रूझ रद्द झाली तर: दिवस २ ला सकाळीच निन्ह बिन्ह गाठा (हनोईहून सुमारे दोन तास), दिवस ३ ला ट्रांग आन करा, आणि दिवस ४–५ ला क्रूझ. परतीचं विमान सहाव्या दिवसाचं ठेवलेलं असेल तर यात एकही ठिकाण सुटत नाही.

## टप्पा ७: ट्रांग आनच्या गुहा

ताम कोक आणि ट्रांग आन दोन्हीकडे वल्ह्याच्या होड्या आहेत, आणि दोन्ही करायला वेळ नसेल तर गोंधळ होतो. ताम कोक म्हणजे तीन गुहा, दोन्ही बाजूंना भातशेती, पायाने वल्हवणारे नावाडी, आणि त्याच वाटेने परत. ट्रांग आनला वाट वर्तुळाकार आहे, गुहा जास्त आणि लांब आहेत. भात पिकलेलं असेल त्या दोन-तीन आठवड्यांत ताम कोक, एरवी ट्रांग आन.

१. सात-साडेसातला घाटावर पोहोचा. नऊनंतर हनोईच्या सहलीच्या बस येतात.
२. तिकीट साधारण अडीच लाख डोंग. एका होडीत चौघे. तुम्ही दोघं असाल तर आणखी दोघांची वाट पाहावी लागते.
३. मार्ग तीन आहेत आणि निवड होडीत बसण्याआधी करायची असते. पहिल्या मार्गावर नऊ गुहा आहेत पण बहुतेक लहान. तिसऱ्यावर मोजक्याच, पण त्यात सुमारे एक किलोमीटर लांबीची दोट गुहा आहे. अंधारात, पाण्यावरून, डोक्याला छत लागेल इतक्या खालून जाण्याचा अनुभव हवा असेल तर तिसरा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तो टाळा, कारण मधेच बाहेर पडता येत नाही.
४. फेरी अडीच-तीन तासांची. होडीला छप्पर नसतं. स्वच्छतागृह घाटावरच उरकून घ्या, पाणी आणि टोपी सोबत ठेवा.

सावध: गुहेत शिरताना बोटं होडीच्या काठावर ठेवू नका. होडी भिंतीला घासते तेव्हा ती चेंगरतात. नावाडी खुणेने सांगेल तेव्हा नुसती मान नाही, कंबरेतून वाका. फोटोसाठी उभं राहू नका.

नावाडी बहुतेक बायका असतात, आणि तीन तास चौघांना वल्हवून नेणं कष्टाचं आहे. फेरी संपल्यावर ५० हजार ते एक लाख डोंग प्रत्येक होडीमागे हातात दिले तर योग्य. ताम कोकला मध्येच भरतकाम किंवा थंड पेयं विकायला आणतात. नको असेल तर हसून एकदाच नाही म्हणा.

## टप्पा ८: हांग मुआ आणि परतीचा प्रवास

‘हांग’ म्हणजे गुहा, पण नाव गुहेचं असलं तरी इथे पाहायचा तो डोंगरमाथा. जवळपास ५०० दगडी पायऱ्या, काही ठिकाणी गुडघाभर उंच. दुपारी बारा ते तीन चढू नका, दगड तापलेले असतात. चारनंतर निघा, सूर्य कलताना वर असा आणि पूर्ण अंधार पडायच्या आत खाली या. विजेरी बॅगेत असू द्या.

माथ्यावर दगडी ड्रॅगन आहे. पायऱ्या त्याच्याजवळ संपतात आणि पुढचं काही अंतर चुनखडीच्या धारदार सुळक्यांवरून जावं लागतं. फोटोच्या रांगेत लोक एकमेकांना रेटतात. पाऊस पडून गेला असेल किंवा पायात सपाट चपला असतील तर शेवटच्या पायरीवरच थांबा. भातशेती, नदी आणि डोंगरांची रांग तिथूनही पूर्ण दिसते.

पाचव्या दिवशी सकाळी ताम कोकमधली सायकल भाड्याने घेऊन बिच दोंगच्या देवळापर्यंत जा, रस्ता सपाट आहे. दुपारी एकच्या आसपासची गाडी किंवा रेल्वे धरली तर संध्याकाळी हनोईत पोहोचता. जुन्या शहरातून नोई बाई विमानतळाला पाऊण ते एक तास लागतो, संध्याकाळच्या गर्दीत जास्त. त्याच रात्रीचं विमान असेल तर हॉटेलातून बॅग उचलून उड्डाणाच्या चार तास आधी निघा.